कोषातली वंशावळ

हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यात हळदीच्या शिवारालगत तुतीचे पट्टे दिसतात आणि पट्ट्याच्या टोकाला एक लांबट शेड. आत रॅकवर फांद्या अंथरलेल्या, त्यांवर पांढऱ्या अळ्या. कोवळ्या अळ्या वाढवणाऱ्या चॉकी केंद्रातली कात धरून अळी एकूण चार वेळा कात टाकते आणि अंड्यातून निघाल्यापासून महिन्याभराच्या आत कोष बांधते. कोष पोत्यात भरून पूर्ण्याला, जालन्याला किंवा थेट कर्नाटकातल्या रामनगरला जातात. हिंगोलीचा शेतकरी अळी ओळखतो, कोष ओळखतो. पतंग मात्र क्वचितच पाहतो. पतंग बाहेर पडला की कोषाला भोक पडलं, धागा तुटला आणि भावही गेला!

या न पाहिलेल्या पतंगाचं घराणं मोठं गुंतागुंतीचं आहे. सध्याची दुबार, म्हणजे वर्षाला दोन पिढ्या देणाऱ्या वाणांची, अळी बहुधा एफसी-१ आणि एफसी-२ यांच्या दुहेरी संकरातली. तिचे चार आजी-आजोबा म्हैसूरच्या केंद्रीय रेशीम संशोधन व प्रशिक्षण संस्थेतले: सीएसआर-६ आणि सीएसआर-२६ कमरेत बारीक, भुईमुगाच्या शेंगेसारखा कोष करणारे, जपानी वळणाचे, सीएसआर-२ आणि सीएसआर-२७ लंबगोल कोषाचे, चिनी वळणाचे. सोयरीक जुळवताना सगोत्र टाळतात, तोच हिशेब इथेही. आईबाप जितके लांबचे, तितकी संततीत जोम येण्याची आशा जास्त.

पण लांबचं कोण हे ठरवायचं कशावरून? कोषाचं वजन पाल्यावर आणि शेडमधल्या उष्म्यावर बदलतं. दिसणं फसवं.

१९९० च्या दशकात जनुकशास्त्रज्ञ जे. नागराजू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हा प्रश्न थेट डीएनएला विचारला. रेशीमकिड्याच्या डीएनएत काही ठिकाणी दोन-चार अक्षरांचा तोच तुकडा पुन्हा पुन्हा येतो. समजा, एका वाणात बारा वेळा, दुसऱ्यात अठरा वेळा. पीसीआर यंत्रात त्या जागेच्या असंख्य प्रती काढून त्या जेलमधून विजेच्या जोरावर पळवल्या, की आखूड तुकडा पुढे जातो, लांब मागे रेंगाळतो. त्या पट्ट्या म्हणजे वाणाची सही. पाला कसाही असो, ती बदलत नाही. अशा खुणांनी १३ वाण तपासले, तेव्हा अंडी सुप्तावस्थेत जाणारे वाण एकीकडे आणि वर्षभर पिढ्या देणारे दुसरीकडे, अशी सरळ फाळणी दिसली.

मूळ गावाचा शोधही याच वाटेनं लागला. घरगुती रेशीमकिड्याला गुणसूत्रांच्या २८ जोड्या. चीनमधल्या रानटी बॉम्बिक्स मँडरिनाला तेवढ्याच, जपानमधल्या रानटी भावंडाला मात्र २७. नागराजूंच्या हैदराबादच्या प्रयोगशाळेनं २००६ मध्ये मांडलेली डीएनएची वंशावळही चिनी रानकिड्यापाशीच पोचली. २००९ मध्ये २९ पाळीव आणि ११ रानटी, अशा ४० किड्यांचे जनुकसंच वाचले गेले. माणसानं हा किडा एकदाच माणसाळवला, असा त्यातून निष्कर्ष निघाला. म्हणजे ‘जपानी’, ‘चिनी’, ‘म्हैसुरी’ ही सगळी एकाच वाड्याची पांगलेली माणसं! महाराष्ट्राचा खरा भूमिपुत्र शोधायचा तर विदर्भात जावं लागेल. भंडारा-गडचिरोलीच्या जंगलात ऐन-अर्जुनाचा पाला खाणारा टसरचा किडा वेगळ्याच कुळातला.

हिंगोलीला या वंशावळीचं काम पडतं ते उन्हाळ्यात. अळीला २४ ते २८ अंश मानवतात, मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो. जुने म्हैसुरी आणि बंगालचे निस्तारी वाण उकाडा सोसतात, पण त्यांचा धागा आखूड. दुबार वाणाचा लांब धागा आणि यांचा काटकपणा एका अळीत आणायचा, तर काटकपणाशी जोडलेली डीएनएची खूण हाती हवी. मग दर पिढीत अळ्या उन्हात भाजून कोण जगतं हे बघत बसायची गरज कमी होते. पैदासकार आज त्या खुणांच्या मागावर आहेत. इकडे उन्हाळी बॅच धरणारा शेतकरी शेडवर उसाचं पाचट अंथरतो, बाजूंना बारदान बांधतो आणि दुपार चढली की त्यावर पाणी मारत राहतो.