पोस्टग्रेसची झाडलोट

खात्यात ५,००० रुपये होते, त्यातले १,००० काढले. पोस्टग्रेसक्यूएल या डेटाबेसला शिल्लक बदलायला सांगितली, तरी तो ५,००० चा आकडा खोडत नाही. जुनी नोंद आहे तिथेच ठेवतो, ४,००० ची नवी नोंद वेगळी लिहितो आणि जुनीवर फक्त खूण करतो, की अमुक क्रमांकाच्या ट्रान्झॅक्शनने ही बाद केली. त्याच वेळी महिनाअखेरचा अहवाल काढणारी क्वेरी चालू असेल, तर तिला ५,००० च दिसतात, कारण ती सुरू झाली तेव्हा तेच खरे होते. वाचणाऱ्यामुळे लिहिणारा अडत नाही आणि लिहिणाऱ्यामुळे वाचणारा ताटकळत नाही. शेकडो माणसे एकाच टेबलावर काम करत असताना प्रत्येकाला सुसंगत चित्र दिसते, ते यामुळेच.

या डेटाबेसची देखभाल करणाऱ्याचे, म्हणजे डीबीएचे, निम्मे काम या एका निर्णयाचे परिणाम सांभाळण्यात जाते. तरीही तो निर्णय योग्यच होता, असे माझे ठाम मत आहे.

निर्णय जुना आहे. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कली शाखेत मायकेल स्टोनब्रेकर यांनी १९८६ मध्ये पोस्टग्रेस प्रकल्प हाती घेतला, तेव्हापासूनचा. पुढे २०१४ चा ट्यूरिंग पुरस्कार मिळाला तेच हे स्टोनब्रेकर. त्यांची मूळ कल्पना आणखी मोठी होती: गेल्या वर्षी अमुक दिवशी हे टेबल कसे दिसत होते, हेही डेटाबेसला विचारता यावे. वेग आणि जागा या दोन्हींवर ताण पडू लागल्याने १९९७ च्या ६.२ आवृत्तीपासून ती सोय गेली, पण जुने न खोडण्याची शिस्त राहिली. त्याआधी, १९९४ मध्ये, अँड्र्यू यू आणि जॉली चेन या विद्यार्थ्यांनी पोस्टग्रेसला एसक्यूएल शिकवले. विद्यापीठाने प्रकल्प संपवल्यावर स्वयंसेवकांनी तो उचलला आणि १९९६ मध्ये आजचे नाव दिले. आज वर सांगितल्याप्रमाणे नोंदींच्या अनेक प्रती सांभाळण्याची जी पद्धत आहे, ती १९९९ च्या ६.५ आवृत्तीत आली. या डेटाबेसला मालक कंपनी नाही. पुण्यातल्या कार्यालयांसह जगभरच्या वेगवेगळ्या कंपन्यांत नोकरी करणारी माणसे मिळून तो लिहितात, आणि परवाना इतका मोकळा आहे की कुणीही तो घेऊन काहीही उभारावे.

आता परिणामांकडे. बाद झालेल्या नोंदी आपोआप नाहीशा होत नाहीत. त्या टेबलात जागा अडवून बसतात, इंडेक्स फुगवतात, आणि कालांतराने दहा पाने वाचून होणाऱ्या कामाला शंभर पाने वाचावी लागतात. त्यांची झाडलोट व्हॅक्यूम करतो. २००८ च्या ८.३ आवृत्तीपासून तो ऑटोव्हॅक्यूम या रूपात मुळातच चालू असतो, त्यामुळे आपल्याला काही करायला नको असे पुष्कळांना वाटते. त्याचा नियम मात्र पाहून ठेवावा. टेबलातल्या नोंदींच्या २० टक्के, अधिक ५०, इतक्या नोंदी बाद झाल्या की ऑटोव्हॅक्यूमची पाळी येते. लाखभर नोंदींच्या टेबलाला हे ठीक आहे. दहा कोटींच्या टेबलात मात्र दोन कोटी मृत नोंदी साचेपर्यंत कुणी फिरकणार नाही, आणि मग एकदम इतके काम निघेल की डिस्क दिवसभर दमेल. मोठ्या टेबलांसाठी हे २० टक्क्यांचे प्रमाण, म्हणजे स्केल फॅक्टर, ०.०१ किंवा ०.०२ वर आणावा. तो ऑल्टर टेबलने त्या एका टेबलापुरता बदलता येतो, सगळ्या सर्व्हरची सेटिंग हलवावी लागत नाही. २०२५ च्या १८ व्या आवृत्तीने दहा कोटी मृत नोंदींची कमाल मर्यादा घातली, पण ती पन्नास कोटींच्या वरच्या टेबलांनाच उपयोगी पडते. बाकीच्यांची काळजी आपणच घ्यायची.

दुपारी सर्व्हर मंदावला, ऑटोव्हॅक्यूम डिस्क वापरताना दिसला आणि कुणीतरी तो बंद केला, असे घडते. तो बंद करू नका. तो दमवतो आहे याचा अर्थ काम साचले आहे. त्याला वारंवार आणि थोडेथोडे काम द्या. आणि फुगलेले टेबल आटवायला भर दिवसा व्हॅक्यूम फुल चालवू नका. तो टेबल पूर्ण नव्याने लिहितो आणि तोवर ते वाचायलाही मिळत नाही.

व्हॅक्यूम नियमाने धावूनही जागा मोकळी होत नसेल, तर दोष बहुधा त्याचा नसतो. कुणीतरी ट्रान्झॅक्शन उघडून ठेवलेले असते. अ‍ॅप्लिकेशनने बिगिन म्हटले आणि बाहेरच्या एखाद्या सेवेच्या उत्तराची वाट पाहत थांबले, किंवा कुणी विंडो तशीच सोडून घरी गेले. त्या ट्रान्झॅक्शनला दिसू शकेल अशी कुठलीही जुनी नोंद व्हॅक्यूम उचलू शकत नाही. पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटी पाहिले की ‘आयडल इन ट्रान्झॅक्शन’ या शेऱ्याखाली ही मंडळी सापडतात. अशा सत्रांना ठरावीक वेळेनंतर तोडणारी सेटिंग ९.६ पासून आहे, पण मुळात ती बंद असते. ती चालू करावी. मुख्य सर्व्हरची प्रत सांभाळणाऱ्या, पण बंद पडलेल्या रेप्लिकाचा स्लॉटही असाच घातक असतो. तो रेप्लिका कधीतरी परत येईल म्हणून मुख्य सर्व्हर डब्ल्यूएएलच्या, म्हणजे बदलांच्या रोजनाम्याच्या, फाइली साठवत राहतो, आणि एके पहाटे डिस्क भरते. स्लॉटसाठी किती फाइली राखायच्या याची मर्यादा १३ पासून घालता येते.

झाडलोटीचे आणखी एक कारण आहे, आणि ते मला सर्वांत गंभीर वाटते. ट्रान्झॅक्शनचा क्रमांक ३२ बिटांचा आहे. कोणत्याही क्षणी मागचे सुमारे २१० कोटी क्रमांक भूतकाळ आणि पुढचे तितकेच भविष्यकाळ मानले जातात. फार जुनी नोंद वेळीच ‘फ्रीझ’ केली नाही, म्हणजे ती कायमची जुनी अशी खूण केली नाही, तर क्रमांकांचा फेरा पुरा झाल्यावर ती भविष्यातली ठरून दिसेनाशी होईल. तसे होऊ नये म्हणून टेबलाचे वय २० कोटी ट्रान्झॅक्शन झाले की ऑटोव्हॅक्यूम, तो बंद केलेला असला तरी, सक्तीने चालतो. तोही पुरा पडला नाही तर शेवटी डेटाबेस नवे लिखाण घ्यायचेच नाकारतो. जुलै २०१५ मध्ये सेंट्री या सेवेवर हीच वेळ आली. व्हॅक्यूम संपण्याची वाट पाहत त्यांची सेवा कित्येक तास ठप्प होती, आणि त्यांनी तो अनुभव सविस्तर जाहीर केला. प्रत्येक डेटाबेसचे हे वय एका क्वेरीने कळते. डिस्क आणि मेमरीच्या आलेखांशेजारी त्याचाही आलेख लावा, आणि आकडा ५० कोटींच्या वर गेला की इशारा मिळू द्या.

झाडलोटीइतकीच काळजी बॅकअपची घ्यावी लागते, आणि त्याबद्दल सर्वांत मोलाचा धडा गिटलॅब या सेवेने दिला. ३१ जानेवारी २०१७ च्या रात्री रेप्लिका मागे पडला होता. तो नव्याने उभा करण्यासाठी त्याची डेटा डिरेक्टरी रिकामी करायला गेलेल्या इंजिनिअरने ती आज्ञा मुख्य सर्व्हरवर दिली. चूक क्षणात लक्षात आली, पण ३०० जीबीच्या आसपासचा डेटा गेला होता. मग बॅकअप शोधले, तर एकही जागेवर नव्हता. सर्व्हर ९.६ चा आणि बॅकअप घेणारा पीजी_डंप मात्र ९.२ चा चालत होता, त्यामुळे डंप रोज अपयशी ठरत होता. तसे कळवणाऱ्या ईमेल मेल सर्व्हर नाकारत होता, म्हणून कुणालाच पत्ता नव्हता. शेवटी त्याच इंजिनिअरने सहा तासांपूर्वी दुसऱ्या कामासाठी घेतलेला स्नॅपशॉट कामी आला. मधल्या काळातले सुमारे ५,००० प्रकल्प, ५,००० प्रतिक्रिया आणि ७०० नवी खाती गेली. गिटलॅबने काहीच लपवले नाही. दुरुस्तीसुद्धा लोकांना थेट पाहू दिली. या मोकळेपणाबद्दल मला त्यांचा आदर वाटतो.

यातून पाळायचे ते इतके: रेप्लिकाला बॅकअप समजू नका, कारण चुकीची डिलीट तिथेही क्षणात पोहोचते. बेस बॅकअपबरोबर डब्ल्यूएएल दुसऱ्या ठिकाणी साठवत राहा, म्हणजे अमुक मिनिटापर्यंतची स्थिती परत आणता येते. आणि दर आठवड्याला वेगळ्या यंत्रावर खरोखर रिस्टोअर करून किती वेळ लागला ते लिहून ठेवा. रिस्टोअर करून न पाहिलेला बॅकअप मी हिशेबात धरत नाही.

एक धोका आपल्याकडे फारसा ओळखीचा नाही. मजकुराचा अनुक्रम पोस्टग्रेस बहुधा ऑपरेटिंग सिस्टीमच्या लायब्ररीकडून घेतो. २०१८ मध्ये लिनक्सच्या जीलिबसीच्या २.२८ आवृत्तीने तो अनुक्रम बदलला. डेबियन ९ वरून १० वर, किंवा रेड हॅट ७ वरून ८ वर गेलेल्यांचे मजकुराचे इंडेक्स जुन्या क्रमाने रचलेले राहिले आणि शोध नव्या क्रमाने होऊ लागला. असलेली नोंद सापडेना, युनिक कॉलममध्ये दुहेरी नावे शिरली. सिस्टीम बदलली की मजकुराचे इंडेक्स पुन्हा बांधा, आणि शंका असेल तर अ‍ॅमचेक या एक्स्टेन्शनने तपासा.

मराठी याद्या सांभाळणाऱ्यांनी तर अनुक्रमाकडे मुद्दाम पाहावे. डेटाबेस ‘सी’ कोलेशनवर, म्हणजे अनुक्रमाच्या ‘सी’ नियमावर, असेल तर अक्षरे युनिकोडच्या क्रमांकाने लागतात. मग ळ हा ल च्या लगेच नंतर येतो आणि क्ष क च्या पोटात जातो. आपल्या वर्णमालेत ही अक्षरे ह च्या नंतर आहेत. १० व्या आवृत्तीपासून आयसीयू या लायब्ररीचे मराठी कोलेशन वापरता येते आणि शाळेत शिकलेला क्रम मिळतो. आयसीयूची आवृत्ती बदलली तर इथेही इंडेक्स पुन्हा बांधावे लागतात.

१८ व्या आवृत्तीवर जाण्याची कारणे भक्कम आहेत. डिस्कवरचे वाचन आता असिंक्रोनस पद्धतीने होऊ शकते, आणि त्याचा फायदा व्हॅक्यूमलाही मिळतो. पीजी_अपग्रेडनंतर प्लॅनरची आकडेवारी बहुतांश टिकते. पूर्वी ती शून्यापासून गोळा होईपर्यंत अपग्रेडनंतरची सकाळ जड जायची. नव्या क्लस्टरमध्ये चेकसम मुळातच चालू असतात, म्हणून जुन्यात ते नसतील तर अपग्रेड अडते. आधी जुना सर्व्हर बंद करून पीजी_चेकसम्सने ते चालू करावेत, किंवा नवा क्लस्टर चेकसमशिवाय बनवावा. मला पहिला मार्ग पटतो. प्रत्येक मोठ्या आवृत्तीला पाच वर्षे दुरुस्त्या मिळतात. १३ ची मुदत नोव्हेंबर २०२५ मध्ये संपली आणि १४ ची नोव्हेंबर २०२६ पर्यंत आहे. अपग्रेडची तालीम दर आठवड्याला रिस्टोअर होणाऱ्या त्याच प्रतीवर करता येते.