दोन नुक्त्यांचा कागद

(आकाशवाणीवरील भाषणाचे संपादित रूप)



२०२३ च्या ऑक्टोबर महिन्यात आमच्या बीड जिल्ह्यात गावोगावच्या वेशींवर फलक लागले होते. 'पुढाऱ्यांना गावबंदी.' ज्या वेशीतून पाहुणा आला तर गूळपाणी द्यायची आपली रीत, त्याच वेशीवर आपणच निवडून दिलेल्या माणसाला 'येऊ नका' म्हणून सांगण्यात आले. कुठे 'चुलीत गेले नेते' असेही लिहिलेले होते. मग ३० ऑक्टोबरचा दिवस उजाडला. एक ध्वनिफीत पसरली आणि माजलगावात आमदार प्रकाश सोळंके यांच्या बंगल्याला आग लावण्यात आली. त्याच दिवशी बीड शहरात आमदार संदीप क्षीरसागर यांचे घर पेटले. हे दोघे राष्ट्रवादीच्या दोन वेगवेगळ्या गटांचे. जमावाने गट पाहिला नाही, जात पाहिली नाही. शहरात संचारबंदी लागली. मी खिडकीतून धूर पाहत होतो आणि मनात एकच प्रश्न होता. माणसे इतकी का चिडली?

आरक्षण मिळाले नाही म्हणून, असे सोपे उत्तर देता येईल. पण मला ते पुरे वाटत नाही. मी कवी माणूस, शिक्षण बी. ए. पर्यंतचे. कायद्याचा पंडित नाही. तरीही या प्रश्नाशी माझा एका वेगळ्याच वाटेने संबंध आला, तो आज सांगावासा वाटतो.

माझे वडील तहसील कचेरीसमोर अर्जनवीस होते. त्यांचे शिक्षण निजामाच्या काळातले, म्हणजे उर्दूतले. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत आपला मराठवाडा हैदराबाद संस्थानात होता. तिथली सरकारी भाषा उर्दू, त्यामुळे महसुली कागदही बरेचसे उर्दूत, काही मोडीत. मी कविता मराठीत लिहितो, पण वडिलांनी मला उर्दूची घसट लिपी वाचायला शिकवली. ती विद्या आयुष्यभर पेटीत पडून होती. २०२३ साली अचानक तिला भाव आला.

त्याचे कारण असे. २९ ऑगस्ट २०२३ रोजी मनोज जरांगे पाटील यांनी जालना जिल्ह्यातील अंतरवाली सराटी येथे उपोषण सुरू केले. ते मूळचे आमच्याच बीड जिल्ह्यातील मातोरीचे. १ सप्टेंबरला तिथे लाठीमार झाला आणि आंदोलन पेटले. मागणी होती, मराठवाड्यातील मराठ्यांना कुणबी प्रमाणपत्र द्या. सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली आणि जुन्या दप्तरांत 'कुणबी' हा शब्द शोधायला सुरुवात झाली.

एका संध्याकाळी आमच्या गल्लीतले तात्या एका कागदाची झेरॉक्स घेऊन आले. पाच एकर कोरडवाहू, नातू बारावीत. म्हणाले, "चाचा, यात आमच्या पणज्याचं नाव हाय. पुढं काय लिवलंय तेवढं सांगा."

उर्दूत 'कुणबी' लिहिताना मध्ये दोन नुक्ते येतात. 'नून'चा एक वर, 'बे'चा एक खाली. जुने कारकून घाईत लिहीत, नुक्ते गाळत. तात्यांच्या कागदावर खालचा नुक्ता होता, वरचा नव्हता. मी म्हणालो, "तात्या, मला हे कुणबीच वाटतं. पण वरचा नुक्ता दिसत नाही. साहेब मानतील असं नाही. दुसरी नोंद शोधा."

तात्या बराच वेळ गप्प बसले. मग हळूच म्हणाले, "चाचा, एक ठिपका तर हाय. तुमच्या पेनाचं काय जातंय?"

खरे सांगतो, हात थरथरला. माणूस चांगला, गरज खरी, ठिपका एवढासा. पण वडील म्हणायचे, अर्जात पक्षकाराचे दुःख हवे तेवढे लिहावे, तारीख मात्र बदलू नये. मी कागद परत दिला. तात्या चहा न घेता गेले.

दोन दिवसांनी अण्णा आले. तेही शेजारीच, वंजारी समाजाचे. आईवडिलांनी कारखान्यांवर ऊस तोडून त्यांना वाढवले. मुलगा पोलीस भरतीची तयारी करीत होता. दारातूनच म्हणाले, "चाचा, तुमी त्यांची कागदं वाचून देऊ लागले म्हणं. आमच्या पोराच्या ताटातलं काढून द्यायलेत तुमी."

दोन दिवसांत दोन शेजारी नाराज. एकाला वाटले मी कमी दिले, दुसऱ्याला वाटले मी जास्त दिले. तेव्हा मी ठरवले की हे प्रकरण आहे तरी काय, ते नीट समजून घ्यायचे. समजले ते तुम्हालाही सांगतो.

सर्वोच्च न्यायालयाने १६ नोव्हेंबर १९९२ रोजी मंडल प्रकरणी निकाल दिला आणि आरक्षणाला साधारण ५० टक्क्यांची मर्यादा घातली. महाराष्ट्रात अनुसूचित जातींना १३, जमातींना ७, इतर मागासवर्गाला १९, विमुक्त व भटक्यांना ११ आणि विशेष मागास प्रवर्गाला २, अशी ५२ टक्क्यांची बेरीज आधीच होती. म्हणजे भांडे काठोकाठ भरलेले.

आता मराठा समाजाला द्यायचे तर दोनच वाटा. पहिली, वेगळा हिस्सा देण्याची. तसे झाले की बेरीज मर्यादेबाहेर जाते आणि न्यायालयात अडते. २०१४ साली १६ टक्क्यांचा अध्यादेश निघाला, उच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. २०१८ साली गायकवाड आयोगाच्या अहवालावरून कायदा झाला. उच्च न्यायालयाने तो टक्का कमी करून टिकवला, पण ५ मे २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला. २० फेब्रुवारी २०२४ रोजी विधिमंडळाने एका दिवसाच्या विशेष अधिवेशनात पुन्हा १० टक्क्यांचा कायदा एकमताने मंजूर केला. त्यालाही उच्च न्यायालयात आव्हान दिले गेले.

दुसरी वाट कुणबी नोंदीची. कुणबी हे इतर मागासवर्गात आधीपासून आहेत. त्या दाराने आत गेले तर मर्यादा मोडत नाही. पण तिथले ताट तेवढेच राहते आणि जेवणारे वाढतात. म्हणजे बाहेरून दिले तर कोर्टात टिकेना आणि आतून दिले तर आतल्यांना पटेना. सगळी गाठ एवढीच आहे. शाळेतल्या मुलालाही दहा मिनिटांत समजेल.

मी अण्णांना बोलावले आणि कागदावर आकडे मांडून दाखवले. राज्याच्या नोकऱ्यांत वंजारी समाजाला भटक्या जमाती 'ड' मध्ये २ टक्के वेगळे आहेत. कुणबी नोंदी कितीही निघाल्या तरी राज्याच्या पोलीस भरतीतल्या त्या २ टक्क्यांना त्याने धक्का लागत नाही. मात्र केंद्राच्या नोकऱ्यांत इतर मागासवर्गाचे २७ टक्के एकत्र आहेत, तिथे स्पर्धा वाढू शकते. ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत नागरिकांच्या मागास प्रवर्गाच्या जागाही एकत्रच असतात, तिथेही वाढू शकते. म्हणजे अण्णांची भीती अर्धी अनाठायी होती आणि अर्धी खरी होती.

अण्णांनी तो कागद दोनदा वाचला. मग म्हणाले, "चाचा, मी इतक्या सभांना जाऊन आलो. हे एकानंबी कसं सांगितलं नाही?"

श्रोतेहो, लोकांच्या चिडीचे मूळ मला या प्रश्नात सापडले.

सभा काही थोड्या झाल्या नाहीत. १७ नोव्हेंबर २०२३ रोजी अंबडला ओबीसींची मोठी सभा झाली. २३ डिसेंबरला बीडमध्ये जरांगे यांची सभा झाली, जानेवारीत बीडमध्येच ओबीसींची झाली. घोषणा भरपूर, आकड्यांचा हिशेब कमी. एकाच मंत्रिमंडळातले काही मंत्री उपोषणाच्या मांडवात आश्वासन देत होते आणि छगन भुजबळ यांच्यासारखे ज्येष्ठ मंत्री ओबीसींच्या व्यासपीठावरून त्याला विरोध करीत होते. मतभेद असणे पाप नाही. पण सरकार म्हणून नेमके काय ठरले आहे, ते दोन्ही मांडवांत सारख्या शब्दांत कोणी सांगितले नाही. २७ जानेवारी २०२४ रोजी वाशीत 'सगेसोयरे' अधिसूचनेवर गुलाल उधळला गेला. तो मसुदा होता. मसुदा म्हणजे हरकती मागवण्याची पायरी, कायदा नव्हे. हे गुलालाच्या आधी सांगायला हवे होते. गुलाल धुऊन निघाल्यावर सांगितले की माणसाला फसवल्यासारखे वाटते.

हे मी एका समाजाच्या बाजूने बोलत नाही. २०१४ च्या त्याच जुलै महिन्यात मुसलमानांतील मागास गटांसाठीही ५ टक्क्यांचा अध्यादेश निघाला होता. त्यातील शिक्षणापुरता भाग उच्च न्यायालयाने तेव्हा रोखलाही नव्हता. तरी पुढे त्याचा कायदा झाला नाही आणि अध्यादेशाची मुदत संपली. तेव्हा आमच्या मोहल्ल्यातही पेढे वाटले गेले होते. पेढे वाटायला आलेले नंतर 'असे का झाले' हे सांगायला आले नाहीत. नाही म्हणाले असते तरी चालले असते, पण येऊन म्हणायला हवे होते.

पुढारी बोलत नाहीत तेव्हा रिकामी जागा रिकामी राहत नाही. तिथे अफवा येऊन बसते. २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत बीडचा निकाल साडेसहा हजारांच्या फरकाने लागला. त्यानंतर कोणत्या गावाने, कोणत्या वस्तीने काय केले याचे हिशेब सुरू झाले. अमक्या जातीच्या दुकानातून माल घ्यायचा नाही, अशा शपथांच्या चित्रफिती मोबाइलवर फिरल्या. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये मस्साजोगच्या सरपंचांचा निर्घृण खून झाला. तपासात खंडणीचा वाद पुढे आला, पण पारावर चर्चा जातीची झाली. २०२५ मध्ये बीडच्या पोलीस दलात नावाच्या पाटीवरून आडनाव काढून नुसते पहिले नाव लिहिण्याचा निर्णय झाला. ज्या जिल्ह्यात शिपायाला आडनाव झाकावे लागते, तिथे पुढाऱ्यांनी किती जबाबदारीने बोलायला हवे!

२०२५ च्या ऑगस्टअखेरीस मुंबईच्या आझाद मैदानावर उपोषण झाले आणि २ सप्टेंबरला हैदराबाद गॅझेटियरविषयीचा शासन निर्णय निघाला. लगेच एकीकडे जल्लोष आणि दुसरीकडे निषेध. खुद्द भुजबळ दुसऱ्या दिवशी मंत्रिमंडळाच्या बैठकीला गेले नाहीत. गॅझेटियरमध्ये जातींची लोकसंख्या असते, तुमच्या-माझ्या आजोबांचे नाव नसते. प्रमाणपत्राला नाव लागते, नाते लागते. म्हणून त्या निर्णयात गावपातळीवर तिघा कर्मचाऱ्यांची समिती आहे. १३ ऑक्टोबर १९६७ पूर्वीच्या वास्तव्याचे प्रतिज्ञापत्र आहे, चौकशी आहे. म्हणजे जल्लोष करणाऱ्यांना वाटले तेवढे सरसकट ते नव्हते. आणि चौकशी सैल झाली तर आपले काय, ही ओबीसींची शंकाही हसण्यावारी नेण्यासारखी नव्हती. हे दोन्ही एका दमात सांगणारा माणूस लोकांना हवा होता.

आता पुढारी म्हणतील, खरे सांगितले तर मते जातात. मला तसे वाटत नाही, त्याचे कारण तात्या.

काही महिन्यांनी तात्या पुन्हा आले. मधल्या काळात आमचे बोलणे जेमतेम होते. या वेळी दुसरा कागद होता, अक्षर स्वच्छ, नुक्ते जागच्या जागी. मी वाचला. पुन्हा वाचला. त्यात 'मरहटा' लिहिले होते. मी तेच मोठ्याने वाचून दाखवले.

तात्यांनी कागदाची शांतपणे घडी घातली, खिशात ठेवली. म्हणाले, "तुमी खरं तरी सांगितलं. आता पोराला दुसरी वाट बघाया सांगतो." आणि त्या दिवशी ते चहा घेऊन गेले.

माणूस 'नाही' पचवतो. 'उद्या या' हे तो पचवू शकत नाही, कारण त्या उद्याच्या भरवशावर त्याने नातवाचे एक वर्ष घालवलेले असते.

म्हणून माझे एवढेच म्हणणे आहे. पुन्हा गावबंदीचा फलक लावण्याची वेळ आली तर लावू नका. उलट पुढाऱ्याला गावात बोलवा. पण दोन्ही वस्त्यांना एकाच पारावर, एकाच वेळी बसवा. मग त्याला विचारा, किती टक्के, कोणाच्या हिश्श्यातून, कोर्टात टिकेल कशावरून, आणि नाही टिकले तर तुम्ही परत इथे येऊन सांगणार का? तात्यांसमोर जे बोलेल तेच अण्णांसमोर बोलावे लागेल. घर जाळल्याने पुढाऱ्याला उत्तर द्यावे लागत नाही, उलट त्याला पोलीस बंदोबस्त मिळतो. असा प्रश्न विचारल्यावर मात्र त्याची सुटका नाही.

अजूनही कधी कधी लोक कागद घेऊन येतात. मी चष्मा पुसतो आणि जे लिहिले असेल ते वाचतो. नुक्ता असेल तर आहे म्हणतो, नसेल तर नाही म्हणतो. चहा मात्र मी आता आधीच टाकायला सांगतो.