धरण खाली, केळी वर

सावदा म्हटलं की केळी आणि केळी म्हटली की शेती, असा हिशेब सहज मांडला जातो. पण तापीकाठच्या या पट्ट्याकडे कारखानदारी मुलूख म्हणून पाहिलं, तरच त्याचं दुखणं कळतं. 1860च्या दशकात भुसावळला रेल्वे आली, पुढे वरणगावला दारूगोळ्याचा कारखाना आणि दीपनगरला औष्णिक वीज केंद्र उभं राहिलं. सावदा, निंभोरा, रावेर स्टेशनांवरून केळी दिल्लीकडे निघाली तीही याच रुळांवरून. या सगळ्यांच्या शेजारी हतनूरचा जलाशय आहे. चांगदेवला तापी-पूर्णेचा संगम होतो, त्याच्या खालच्या अंगाला हे धरण. त्याचे 41 दरवाजे हे या मुलखातलं सर्वांत नाजूक यंत्र म्हणावं लागेल. पूर्णा वऱ्हाडची काळी माती घेऊन येते. पहिल्या पुरांत दरवाजे उघडून ती वाहू द्यायची आणि पाऊस सरता सरता पाणी अडवायचं. उघडायला उशीर झाला की गाळ बसतो, मिटायला उशीर झाला की धरण रिकामं राहतं.

हे पाणी कारखाने पितात म्हणून केळी तहानते, अशी तक्रार ऐकू येते. ती अर्धीच खरी. कालवा यावल-चोपड्याकडे उतरत जातो. सावदा-फैजपूरपासून जमीन मात्र सातपुड्याकडे चढत जाते. कारखाने उद्या बंद केले तरी हतनूरचं पाणी आपोआप चढ चढणार नाही. लागवड मृगबागेची असो वा कांदेबागेची, इथली केळी जगते ती बोअरवर, म्हणजे जमिनीखालच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या जलाशयावर, आणि त्याला दरवाजे नाहीत. ठिबकनं प्रश्न सुटला, असं कुणी म्हणेल. ठिबकनं झाडामागचं पाणी वाचतं हे निर्विवाद. पण वाचलेलं पाणी नव्या लागवडीला गेलं, तर भूजलाच्या खात्यात काय जमा होणार? सातपुड्याच्या पायथ्याशी दगडगोट्यांचा, वाळूचा सच्छिद्र थर आहे. पाणी मुरवायचं तर तिथेच. 10 मे 2025 रोजी महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश यांनी तापी खोरे महापुनर्भरण योजनेचा करार केला, त्यामागचा विचार हाच. विचार रास्त आहे, पण दोन राज्यं, वनजमीन, विस्थापन आणि प्रचंड खर्च एवढं सगळं ओलांडून पाणी यायचं आहे, आणि बोअर तर आजच खोल चालल्या आहेत. तेव्हा ग्रामपंचायतींनी आणि केळी उत्पादकांच्या संस्थांनी पायथ्याचे नाले अडवण्याचं काम आतापासूनच हाती घ्यावं. त्यासाठी दुसऱ्या राज्याच्या सहीची गरज नाही.