आदिविश्वातील दीर्घिकांची मोजणी: संख्याच कमी, की प्रकाश अडलेला?

विश्वाच्या बाल्यावस्थेत तप्त वायूच्या प्रकाशाने उजळलेल्या दीर्घिका किती होत्या, हे मोजणे शिरगणतीइतके सरळ नाही. हवाई बेटांवरील मौना केआ शिखरावर असलेल्या जपानच्या ८.२ मीटर व्यासाच्या सुबारू दुर्बिणीने केलेली मोजणी याचे बोलके उदाहरण आहे.

नवजात ताऱ्यांच्या प्रखर किरणांमुळे दीर्घिकेतील हायड्रोजन वायू १२१.६ नॅनोमीटर तरंगलांबीचा अतिनील प्रकाश उत्सर्जित करतो. यास लायमन-आल्फा रेषा म्हणतात. विश्वाच्या प्रसरणामुळे हा प्रकाश प्रवासात ताणला जातो. तो किती ताणला गेला, यावरून दीर्घिकेचा काळ कळतो. म्हणून शास्त्रज्ञ ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश आत सोडणारा फिल्टर कॅमेऱ्यापुढे बसवतात. फिल्टरचा पट्टा जितका रुंद, तितकी मोजलेल्या अवकाशाची खोली अधिक. छायाचित्राच्या क्षेत्राशी तिची सांगड घातली की घनफळ मिळते आणि संख्येला त्याने भागले की घनता.

मात्र जवळच्या दीर्घिकांतील ऑक्सिजनचा प्रकाशही त्याच फिल्टरमधून येऊन फसवू शकतो. त्यामुळे प्रत्येक संभाव्य दीर्घिकेचा वर्णपट तपासावा लागतो. मसानोरी इये यांच्या पथकाने ४१ हजार ५३३ खस्थ पदार्थ चाळले, तेव्हा दोनच दीर्घिका शिल्लक राहिल्या आणि त्यांपैकी एकीचीच खात्री पटली. 'आयओके-१' ही दीर्घिका महास्फोटानंतर सुमारे ७५ कोटी वर्षांनी अस्तित्वात होती. २००६ मध्ये 'नेचर' नियतकालिकात हा निष्कर्ष प्रसिद्ध झाला. त्यानंतरच्या पाच-सहा कोटी वर्षांनी दिसणाऱ्या घनतेच्या तुलनेत त्या काळातील घनता १८ ते ३६ टक्केच भरली. एक-दोन दीर्घिकांवर आधारलेल्या टक्केवारीवर किती भिस्त ठेवावी, ही शंका अर्थातच रास्त होती.

संख्या घटण्याची कारणे दोन असू शकतात. एक म्हणजे, तेव्हा दीर्घिकाच थोड्या होत्या. दुसरे, दीर्घिकांमधील अवकाशात उदासीन हायड्रोजनचे धुके होते आणि ते नेमकी हीच रेषा गिळून टाकत होते. ताऱ्यांचा त्याहून लांब तरंगलांबीचा अतिनील प्रकाश या धुक्यातून निसटतो. त्या प्रकाशाने मोजलेल्या दीर्घिका तितक्या घटत नसतील, तर उरलेली तूट धुक्याच्या नावे मांडता येते.

सुबारूच्याच नव्या, विशाल कॅमेऱ्याने पुढे आकाशाचा बराच मोठा भाग टिपला. २०१८ मध्ये जाहीर झालेल्या या पाहणीत २ हजार २३० संभाव्य दीर्घिका आढळल्या. महास्फोटानंतर सुमारे ८० कोटी वर्षांनी अवकाशातील जवळपास ३० टक्के हायड्रोजन उदासीन असावा, असा अंदाज त्यावरून बांधण्यात आला. त्यात २० टक्क्यांपर्यंत कमी-अधिक होण्यास वाव ठेवला आहे.

मार्च २०२५ मध्ये मात्र जेम्स वेब दुर्बिणीच्या निरीक्षणांतून महास्फोटानंतर अवघ्या ३३ कोटी वर्षांनीच्या एका दीर्घिकेत हीच रेषा आढळल्याचे प्रसिद्ध झाले. धुके सर्वाधिक दाट असण्याच्या त्या काळात या दीर्घिकेने आपल्याभोवती आयनित वायूचा मोठा बुडबुडा निर्माण केला असावा, असे संशोधकांना वाटते.