दुकानाला कुलूप, मग वेबसाइटला का नाही?

१५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. मोडेमची किरकिर ऐकत हौसेने पाने रचणाऱ्यांपैकी मीही एक. तेव्हा पानावर नाव, पत्ता नि एखादे चित्र असे. चोराने न्यावे असे काही नसेच.

आज दवनीवाड्याचा तांदूळ व्यापारी किंवा शिलाई कारागीरही वेबसाइटवर ऑर्डर घेऊ शकतो. गिऱ्हाइकाचा पत्ता, फोन नंबर ही आपल्याकडची अमानत आहे. तेव्हा व्यापारी बंधूंनी एवढे करावेच :

पत्त्याआधी 'एचटीटीपीएस' हवे, नाहीतर मजकूर वाटेत वाचता येतो. त्याचे प्रमाणपत्र 'लेट्स एन्क्रिप्ट' संस्था २०१५ पासून मोफत देते. पासवर्ड लांब ठेवा, जोडीला ओटीपी लावा. सॉफ्टवेअर वेळच्या वेळी अद्ययावत करा. डोमेन स्वतःच्याच नावावर घ्या. साइट बनवणारा मुलगा गाव सोडून गेला, तर किल्ली त्याच्याबरोबर जाऊ नये. दर आठवड्याला प्रत काढून वेगळी ठेवा. 'जिओसिटीज' ही मोफत सेवा अमेरिकेत २००९ मध्ये बंद झाली, तेव्हा प्रत न ठेवलेल्या कित्येक हौशींची मेहनत पुसली गेली.

फसवणुकीत पैसे गेलेच, तर संकोच न करता ताबडतोब १९३० वर फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते.