इंदूरचा पाहुणा राजवाड्याकडेच का वळतो?

इंदूर : शहर चारी दिशांना पसरलं. विजयनगरला मॉल आले, बायपासवर मोठी हॉटेलं उभी राहिली, ५६ दुकानला नवं रूप मिळालं. तरी बेळगाव, हैदराबाद, बडोद्याहून आलेल्या मराठी पाहुण्याचा पहिला प्रश्न ठरलेला, "राजवाडा किती लांब?" याचं कारण निव्वळ इतिहास नाही. त्यात बाजाराचा हिशोबही आहे.

सगळं पायी अंतरावर

मल्हारराव होळकरांच्या काळात, १७४७ मध्ये राजवाड्याचं काम सुरू झालं. सात मजल्यांपैकी खालचे तीन दगडी, वरचे लाकडी. अहिल्याबाईंचा कारभार महेश्वरहून चाले. १८१८ च्या मंदसोर तहानंतर मात्र राजधानी इंदूरला आली. दरबार आला तसे सराफ, कापडवाले, भांडीवाले त्याच्या आसऱ्याला आले. म्हणून आजही गोपाळ मंदिर, कृष्णपुऱ्याच्या छत्र्या, काच मंदिर, खजुरी बाजारातली पुस्तकं, सीतलामाता बाजारातल्या साड्या हे सगळं एका फेरीत होतं. रेल्वे स्टेशन आणि सरवटे बसस्थानकही जवळच. रिक्षाचं भाडं कमी, वेळही वाचतो.

एक जागा, दोन पाळ्या

खरी गंमत सराफ्याची. दिवसा इथे सोन्या-चांदीचा व्यवहार होतो. रात्री शटर खाली आलं की त्याच ओट्यांसमोर भुट्ट्याचा कीस, गराडू, दहीवडा, मावाबाटी आणि ताटाएवढ्या जिलबीचे ठेले लागतात. मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. रात्रभर माणसांची वर्दळ असली की दुकानं सुरक्षित, हे सराफांचं जुनं गणित. खाणाऱ्याला आयती जागा मिळाली, सराफाला आयती राखण. शिवाय पदार्थ थोडे-थोडे मिळतात, त्यामुळे चौघांचं कुटुंब एका रात्रीत आठ-दहा चवी घेऊन जातं.

सणही इथेच येतात. रंगपंचमीची गेर आणि अनंत चतुर्दशीच्या झांक्या याच भागातून जातात.

गर्दीची किंमत

पण हीच गर्दी आता अंगाशी येऊ लागली आहे. गल्ली अरुंद, ठेल्यांवर गॅस सिलिंडर, वर विजेच्या तारांचं जाळं. आग लागली तर बंब आत शिरणार कसा? राजवाड्याने आग पाहिलेली आहे, १८०१ च्या लुटीत आणि पुन्हा १९८४ च्या दंगलीत. त्यामुळे ही भीती उगाच नाही. सराफांची तक्रार वेगळीच आहे. दुकान वाढवायला जागा नाही, ठेले लवकर लागतात आणि संध्याकाळचं गिऱ्हाईक आत येत नाही. जुन्या ठेलेवाल्यांना मोमो-नूडल्सची गर्दी खुपते, कारण ते कुठल्याही शहरात मिळतात.

मुद्दा इथेच आहे. सराफ कंटाळून निघून गेले तर दिवसाची पाळी संपेल. ठेले हटवले तर रात्रीची संपेल. दोन्हीपैकी एक गेलं तर उरेल तो चार शहरांत दिसतो तसा बाजार, आणि तो बघायला पाचशे किलोमीटरवरून कोण येणार? ठेल्यांची ठरलेली संख्या, ठरलेली वेळ आणि बंबासाठी मोकळी वाट, एवढं पाळलं तरी दोघांचाही धंदा टिकेल.

पाहुण्यांनीही एक करावं. गाडी लांब लावावी आणि पायी यावं. राजवाडा तसाही पायीच बघण्यासारखा आहे.