अलिबाग ते मालवण, पतंगामागे

पोर्तुगालच्या फ्रान्सिस्को लुफिन्याने २०१५ साली लिस्बनहून मदेरा बेट गाठलं. सुमारे ८७४ किलोमीटर, पायाखाली एक फळी आणि पुढे ओढणारा पतंग. दोन दिवस तो थांबला नाही. हे वाचून कोथरूडच्या एका वाचकाने विचारलंय: खांदेरी, जंजिरा, सुवर्णदुर्ग करत करत आपल्याकडे असं सिंधुदुर्गापर्यंत जाता येईल का?

येईल. मात्र न थांबता नाही. अडचण वाऱ्याची आहे, पण आधी पतंगाबद्दल.

संक्रांतीला गच्चीवर उभं राहिलेल्या कुणालाही ठाऊक असतं, की पतंग डोक्यावर स्थिर असतो तेव्हा मांजा निवांत असतो. तो आडवा झेपावला की बोट कापतं. आडवा धावणारा पतंग स्वतःपुरता जास्तीचा वारा निर्माण करतो आणि ओढ वेगाच्या वर्गाने वाढते. वेग दुप्पट तर ओढ चौपट. काइटसर्फर पतंगाला आडव्या आठच्या आकड्यात फिरवतो तो यासाठीच. याचं नेटकं गणित अमेरिकेच्या माइल्स लॉइडने १९८० मध्ये मांडलं. त्यावरून पतंगाने वीज तयार करण्याच्या घोषणा झाल्या, गुगलच्या घराण्यातल्या ‘मकानी’ कंपनीत भरपूर पैसा ओतला गेला आणि २०२० मध्ये तिथला गाशा गुंडाळला गेला. गणित बरोबर होतं. घोषणा करणाऱ्यांना घाई झाली होती.

पतंगाने होडी ओढवत सॅम्युएल कोडीने १९०३ सालीच इंग्लिश खाडी ओलांडली होती. पण त्या काळचे पतंग पाण्यात पडले की भिजून बसत. फ्रान्सच्या ब्रुनो आणि डॉमिनिक लगेन्यू या भावांनी १९८४ मध्ये पतंगाच्या पुढच्या कडेत हवा भरलेली नळी घातली. पडला तरी तरंगतो आणि दोऱ्या ओढून पुन्हा उचलता येतो. लांबच्या प्रवासाचं श्रेय मी धाडसाआधी या नळीला देईन.

आता वारा. लुफिन्याला मिळाला तो खुल्या समुद्रावरचा, रात्रीही न पडणारा उत्तरेकडचा. कोकणात पावसाळ्यापूर्वी मिळतात ते खारे वारे. शाळेत यांच्यावर दोन गुणांची टीप लिहून आपण मोकळे झालो. गंमत पुढेच आहे. जमीन तापते, साधारण अकरा-बाराच्या सुमारास समुद्रावरून वारा सुटतो, तेव्हा तो किनाऱ्याला बराचसा काटकोनात असतो. पुढे पृथ्वीच्या फिरण्यामुळे तो तासागणिक उजवीकडे कलतो, म्हणजे पश्चिमेचा वायव्येकडे सरकतो. दक्षिणेला निघालेल्या माणसाला याहून चांगलं काय हवं? शिवाय वारा किनाऱ्याच्या दिशेचा असल्याने काही बिघडलंच तर माणूस वाळूवर येऊन पडतो. पहाटेचा मतलई वारा क्षीण असतो, आणि समुद्रात लोटणारा. त्याच्या नादी लागू नये. गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतल्या सतीश शेट्ये आणि सहकाऱ्यांनी २००६ मध्ये दाखवलं, की या दिवसांत गोव्याजवळच्या लाटासुद्धा या घड्याळावर चालतात. वाऱ्यामागोमाग त्या दुपारनंतर चढतात आणि रात्री उतरतात.

खरी परीक्षा डोंगराच्या सोंडांशी आहे. जयगडसारखं भूशिर समुद्रात घुसतं, त्याच्या आडोशाला वारा तुटक आणि भोवरे घेणारा होतो. पतंग ढिला पडतो नि कोसळतो. म्हणून सोंड लांबून, खोल पाण्यातून ओलांडायची. खाडीच्या तोंडाशी ओहोटीचं पाणी बाहेर पडत असतं आणि वारा समोरून येतो. तिथे आखूड, उभ्या लाटा गुडघे खिळखिळे करतात.

या वाऱ्याचं शेपूट पुण्यात पोचतं. मार्च-एप्रिलच्या संध्याकाळी पश्चिमेकडून अचानक गार झुळूक येते आणि हवेतला दमटपणा वाढतो. समुद्र सरळ रेषेत शंभर किलोमीटरवर, मध्ये सह्याद्री, तरीही. त्यात घाटउतारांच्या तापण्याचाही हात असतो. १९२८ मध्ये हवामान खात्याचं मुख्यालय सिमल्याहून पुण्याला आलं (सिमला ऑफिस चौकातून रोज जाणाऱ्यांपैकी किती जणांना हे आठवतं कोण जाणे) आणि १९३१ मध्ये खात्याच्या शास्त्रीय टिपणांत पुण्यातल्या खाऱ्या वाऱ्याच्या रचनेवर एक छोटं टिपण आलं. लेखक के. आर. रामनाथन.

हे तेच रामनाथन, ज्यांनी १९२३ मध्ये कलकत्त्यात रामन यांच्या हाताखाली काम करताना विखुरलेल्या प्रकाशात एक क्षीण, बदललेल्या रंगाची छटा पाहिली होती. द्रवातल्या अशुद्धतेमुळे ती दिसते असं वाटलं, पण द्रव पुन्हा पुन्हा शुद्ध करूनही ती जाईना. पाच वर्षांनी रामन आणि कृष्णन यांनी तिचा अर्थ लावला. नोबेल रामन यांना मिळालं. रामनाथन तोवर हवामान खात्यात गेले होते. विषुववृत्तावर सुमारे १७ किलोमीटर उंचीवरची हवा ध्रुवांवरच्या तितक्याच उंचीवरल्या हवेपेक्षा थंड असते, हे त्यांनी १९२९ मध्ये मांडलं. पुढे अहमदाबादच्या भौतिकी संशोधन प्रयोगशाळेचे ते पहिले संचालक झाले. एवढं असून २८ फेब्रुवारीच्या विज्ञानदिनाच्या भाषणांत त्यांचं नाव क्वचितच निघतं.

तर हिशेब असा. अलिबाग ते मालवण सरळ रेषेत तीनशे किलोमीटरच्या आसपास. पुरेसा वारा दिवसाला तीन-चार तास, वेग ताशी २० ते २५ किलोमीटर धरला तर रोज सत्तर-ऐंशी. वारा अनेकदा जेमतेमच असेल, म्हणून पतंग मोठा आणि फळी पाण्याखाली पंख असलेली हवी. सोबत होडी ठेवून, पडक्या वाऱ्याचे दिवस धरून आठवडा लागेल. निघायचं फेब्रुवारीअखेर किंवा मार्चमध्ये, जेवण उरकून.